सेकंदाला ३० वेळा फिरणारी चकती

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातले एक छायाचित्र खगोलशास्त्राच्या इतिहासात बरेच प्रसिद्ध आहे. एका इमारतीची गच्ची, तिच्यावर मांडलेली बोजड यंत्रसामग्री, आणि अँटेनाच्या शिंगासारख्या तोंडापुढे एक काळी, केसाळ दिसणारी फळी धरून उभा असलेला तिशीच्या आतला तरुण. या फळीला तिथली मंडळी गमतीने झिपरा कुत्रा म्हणत. फळीचे काम एवढेच होते, की आपल्यावर पडणाऱ्या सगळ्या रेडिओ लहरी शोषून घ्यायच्या आणि गच्चीवरच्या हवेच्या तापमानाला साजेशा लहरी स्वतः सोडायच्या. म्हणजे अँटेनाला आधी आकाश दाखवायचे, मग फळी दाखवायची आणि दोन्हींत फरक किती ते पाहायचे. हा तरुण म्हणजे रॉबर्ट हेन्री डिकी. आपल्याकडे डिकी म्हटले की मोटारीचा मागचा कप्पा आठवतो. जगभरच्या रेडिओ अभियंत्यांना मात्र या नावाने एक स्विच आठवतो. हवामानाच्या कितीतरी उपग्रहांच्या रिसीव्हरमध्ये तो बसलेला असतो.

डिकी यांचा जन्म ६ मे १९१६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाला. वडील पेटंटच्या कामात होते. घरात शोध, हक्क आणि आराखडे यांची भाषा बोलली जात असणार, कारण मुलाने पुढे स्वतःच्या नावावर ५० च्या आसपास पेटंटे मिळवली. भौतिकशास्त्राच्या मोठ्या सिद्धांतकारांत गणना होणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फारसे आढळत नाही. प्रिन्स्टनमधून १९३९ मध्ये पदवी आणि रोचेस्टर विद्यापीठातून १९४१ मध्ये अणुगर्भ भौतिकीत डॉक्टरेट झाली, आणि त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत दाखल झाले. नाव फसवे होते. तिथे चालायचे ते रडारचे काम.

रडारमध्ये जितकी लहर आखूड तितका अँटेना लहान आणि चित्र स्पष्ट. म्हणून १० सेंटीमीटरवरून ३ सेंटीमीटर आणि तिथून सव्वा सेंटीमीटरपर्यंत मजल गेली होती. तिथे अडचण उभी राहिली. हवेतली पाण्याची वाफ साधारण २२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शोषून घेते, असे सैद्धांतिक भाकीत होते, आणि सव्वा सेंटीमीटरची लहर, म्हणजे २४ गिगाहर्ट्झ, त्याला चिकटूनच होती. कोरड्या हवेत उत्तम चालणारे रडार पॅसिफिकच्या दमट हवेत आंधळे होणार काय? युद्धाच्या दिवसांत हा प्रश्न पुस्तकी नव्हता. वाफ नेमकी किती शोषते ते मोजायला हवे होते.

डिकी यांनी प्रश्न उलटा केला. जी वस्तू लहरी शोषते ती तापमानानुसार तशाच लहरी सोडतेही. मग लांबवर रडारचे स्पंद पाठवून किती परत आले ते मोजण्यापेक्षा, अँटेना आभाळाकडे करून हवा स्वतः किती लहरी सोडते तेच ऐकावे. वाफ जास्त शोषत असेल तर आभाळ जास्त उबदार दिसेल. युक्ती सरळ होती, पण हा आवाज इतका क्षीण की त्या काळच्या कोणत्याही रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटात तो बुडून जायचा.

अडचण नेमकी काय ते आकड्यांनी पाहू. अभियंते असा आवाज केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या अंशांत सांगतात. खोलीचे तापमान साधारण ३०० केल्विन. समजा, रिसीव्हरच्या आतला गोंगाट १,००० केल्विनचा आहे. तो ठाऊक असेल तर वजा करता येतो. पण वीज किंचित वरखाली झाली, यंत्र थोडे तापले आणि ॲम्प्लिफायर एका टक्क्याने जास्त जोर देऊ लागला, तर त्या गोंगाटाचाच एक टक्का म्हणजे १० केल्विन उगीचच वाढलेले दिसणार. शोधायचा फरक दोन-चार केल्विनचा आणि यंत्राची लहर १० केल्विनची! तेव्हाचे रिसीव्हर निर्वात नळ्यांचे, त्यांचा गोंगाट याहूनही कितीतरी मोठा. एका टक्क्याहून स्थिर ॲम्प्लिफायर बनवायच्या मागे लागले असते तर युद्ध संपले असते.

बाजारातला स्प्रिंगचा काटा आणि जुनी तागडी यांत फरक असतो. स्प्रिंग सैल पडली की काट्याने दाखवलेले वजन चुकते. तागडीला स्प्रिंगच नाही, ती फक्त दोन पारडी एकमेकांशी ताडून पाहते. डिकी यांनी रिसीव्हरची तागडी केली.

लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या चौकोनी नळीला त्यांनी एक फट पाडली आणि तिच्यात एक शोषक चकती बसवली. चकतीचा आस मुद्दाम एका बाजूला होता, म्हणून फिरताना अर्धा वेळ ती नळीच्या आत असे आणि अर्धा वेळ बाहेर. आत असली की रिसीव्हरला चकतीचा, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाचा आवाज ऐकू येई. बाहेर गेली की आभाळाचा. चकती सेकंदाला ३० वेळा फिरत होती. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट दोन्ही वेळा सारखाच, म्हणून वजाबाकीत तो उडून जाई. ॲम्प्लिफायरचा जोर एका टक्क्याने ढळला तरी ती चूक आता फक्त उरलेल्या फरकाला लागू होती. आभाळ आणि चकती यांत १० केल्विनचा फरक असेल तर चूक १० केल्विनची न राहता ०.१ केल्विनची झाली. किंमत मोजावी लागलीच. अर्धा वेळ आभाळाकडे पाठ असल्यामुळे, आदर्श आणि पूर्ण स्थिर रिसीव्हरच्या तुलनेत या यंत्राची संवेदनक्षमता निम्मी होती. पण तसा आदर्श रिसीव्हर कुणाकडेच नव्हता.

चकतीच्या पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची. आभाळ आणि चकती यांतला फरक आता सेकंदाला ३० वेळा वरखाली होणाऱ्या लाटेच्या रूपात बाहेर येत होता. जत्रेच्या गलक्यात टाळाचा ठेका आधीच ठाऊक असेल तर कान तेवढाच नेमका वेचतात. तसेच डिकी यांचे मंडल चकतीच्या ठेक्याशी जुळणारी लाट तेवढी उचलून घेई आणि बाकीचा गोंगाट सरासरीत विरून जाऊ देई. याच युक्तीतून पुढे लॉक-इन ॲम्प्लिफायर नावाचे उपकरण रुळले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डिकी यांनी सहकाऱ्यांबरोबर ते विकणारी कंपनी काढली. आज पदार्थविज्ञानाच्या बहुतेक संशोधन प्रयोगशाळांत हे उपकरण फळीवर दिसते, भारतातल्याही.

हे यंत्र फ्लोरिडातील लीसबर्ग येथे नेऊन १, १.२५ आणि १.५ सेंटीमीटर लहरींवर मोजणी झाली. वाफ खरोखरच लहरी खात होती. सव्वा सेंटीमीटरचे रडार दमट हवेत दूरवर पाहू शकणार नव्हते. १९४६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच लेखात आणखी एक छोटी नोंद होती. वातावरणाचा वाटा काढून टाकल्यावर, पलीकडच्या अवकाशातून येणारे उत्सर्जन असलेच तर ते २० केल्विनहून कमी असले पाहिजे. मूळ प्रश्नाशी या वाक्याचा काही संबंध नव्हता. यंत्राची ताकद सांगण्यापुरते ते आले आणि मागे पडले.

युद्धानंतर १९४६ मध्ये डिकी प्रिन्स्टनला परतले ते कायमचे. पुढची वर्षे त्यांनी अणू आणि प्रकाश यांच्या परस्परक्रियेवर मूलभूत काम केले. १९५४ मध्ये त्यांनी दाखवले, की जवळजवळचे अणू एकजुटीने प्रकाश सोडू लागले तर एकेकट्याच्या बेरजेपेक्षा तो कितीतरी तीव्र असतो. नंतर ते गुरुत्वाकर्षणाकडे वळले. तेव्हा त्या विषयात गणित उदंड होते आणि प्रयोग जवळपास नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा गट जमे आणि आइन्स्टाइनचा सिद्धांत कुठल्या प्रयोगाने तपासता येईल यावर तासन्‌तास वाद चाले.

त्यांच्या प्रयोगांत एक ओळखीचा हात दिसतो. सोने आणि ॲल्युमिनियम सूर्याकडे सारख्याच वेगाने ओढले जातात का, हे त्यांच्या गटाने पीळ-तराजूवर तपासले. १०० अब्जांत एक इतकाही फरक आढळला नाही. सूर्य विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे का हे पाहताना त्यांनी पुन्हा फिरती चकती लावली आणि तिच्या खाचांतून सूर्याच्या कडेचा प्रकाश आळीपाळीने मोजला. त्यांना फुगवटा दिसला आणि त्यावरून १९६१ मधल्या ब्रान्स-डिकी सिद्धांताला आधार मिळेल असे वाटू लागले. इतरांच्या मोजणीत मात्र तो तेवढा आढळला नाही. तुलना करणारे यंत्र कितीही चोख असले तरी पारड्यात नेमके काय पडते आहे हा प्रश्न उरतोच, आणि सूर्याची कड ही काही शांत, स्वच्छ रेषा नाही.

१९६४ मध्ये डिकी यांच्या डोक्यात एक नवा विचार घोळत होता. विश्व प्रसरण पावते, मग आकुंचन पावते आणि पुन्हा प्रसरण पावते, असे त्यांना वाटे. आकुंचनाच्या टोकाला ते इतके तापले पाहिजे की आधीच्या फेरीतली जड मूलद्रव्ये फुटून पुन्हा हायड्रोजन व्हावा. तसे असेल तर त्या उष्णतेचा उरलासुरला अंश आजही सगळीकडून रेडिओ लहरींच्या रूपाने येत असला पाहिजे. त्यांनी जिम पीबल्स यांना गणित करायला सांगितले आणि पीटर रोल व डेव्हिड विल्किन्सन यांना रिसीव्हर बांधायला. अर्थातच तो डिकी-स्विचचा रिसीव्हर होता. प्रिन्स्टनच्या गयॉट हॉलच्या गच्चीवर काम सुरू झाले. आपण १९४६ मध्येच याच प्रश्नावर २० केल्विनची मर्यादा छापून ठेवली आहे, याची खुद्द डिकी यांनाच आठवण नव्हती.

प्रिन्स्टनपासून काही तासांच्याही अंतरावर नसलेल्या होल्मडेल इथे बेल लॅबोरेटरीजचे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन त्याच वेळी हैराण झाले होते. त्यांच्याकडची भोंग्याच्या आकाराची भली मोठी अँटेना एको या फुग्याच्या उपग्रहावरून परतणारे संदेश पकडण्यासाठी बांधलेली होती. तिच्यावर रेडिओ खगोलशास्त्र करण्यापूर्वी ती नेमकी तपासायची म्हणून त्यांनी द्रव हेलियमने थंड केलेला संदर्भ-स्रोत बनवला आणि स्विचने अँटेना आणि तो स्रोत आळीपाळीने रिसीव्हरला जोडून पाहिले. म्हणजे तुलनाच. हिशेबापेक्षा ३.५ केल्विन जास्त येत होते, आणि ते कोणत्याही दिशेला, कोणत्याही ऋतूत जात नव्हते. अँटेनात राहणारी कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, तरी नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड बर्क यांच्याकडून पेन्झियस यांना प्रिन्स्टनच्या कामाची बातमी कळली आणि त्यांनी डिकी यांना फोन केला.

फोन आला तेव्हा डिकी यांच्या खोलीत गटाची दुपारच्या डब्याची बैठक चालू होती. फोनवर द्रव हेलियम, भोंग्याची अँटेना असे शब्द ऐकू येऊ लागले तेव्हा बसलेल्यांना काय ते समजले. फोन ठेवून डिकी वळले आणि आपल्यावर मात झाल्याचे त्यांनी थोडक्यात सांगितले. जुलै १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकाच नियतकालिकात पाठोपाठ आले. बेल लॅबच्या लेखात मोजणी, प्रिन्स्टनच्या लेखात अर्थ. गयॉट हॉलच्या गच्चीवरून रोल आणि विल्किन्सन यांनी ३.२ सेंटीमीटरवर मोजलेले ३ केल्विन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हे उत्सर्जन खरोखर विश्वाच्या बाल्यावस्थेतले आहे यावरचा विश्वास वाढला.

१९७८ चे नोबेल पेन्झियस आणि विल्सन यांना मिळाले, डिकी यांना नाही. यावर आजही हळहळ व्यक्त होते. ती अगदीच एकतर्फी घेऊ नये. जॉर्ज गॅमो यांचे सहकारी राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच अशा ५ केल्विनच्या उत्सर्जनाचे भाकीत केले होते, आणि १९६५ च्या प्रिन्स्टनच्या लेखात त्याची दखल घ्यायची राहिली. त्या दोघांना याचे दुःख आयुष्यभर होते. ज्याचे श्रेय हुकले त्याच्याच हातून दुसऱ्या कुणाचे हुकावे, हे या गोष्टीतले अवघड वळण आहे.

इकडे फिरत्या चकतीने केव्हाच पृथ्वी सोडली होती, मात्र चकती म्हणून नव्हे. अवकाशात फिरते भाग म्हणजे डोकेदुखी. निर्वातात वंगण उडून जाते, बेअरिंग झिजते आणि दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. शिवाय वजन आणि वीज दोन्हींची चणचण. तिथे उपयोगी पडले फेराइट नावाचे चुंबकीय सिरॅमिक. त्याचा एक छोटा तुकडा तीन वेव्हगाइडच्या सांध्यावर बसवला आणि चुंबकित केला, की लहर एखाद्या गोल चौकातल्या रहदारीसारखी एकाच दिशेने वळते. पहिल्या तोंडातून आत आलेली दुसऱ्यातून बाहेर, दुसऱ्यातली तिसऱ्यातून. चुंबकत्वाची दिशा उलटी केली की चौकातली रहदारीही उलटी. मग रिसीव्हर एका क्षणी अँटेनाला जोडलेला आणि दुसऱ्या क्षणी संदर्भाला. काही प्रकारांत दिशा पालटायला विजेचा एक छोटा झटका पुरतो, त्यानंतर वीज नसली तरी फेराइट त्याच स्थितीत राहतो. सौर पट्ट्यांवर जगणाऱ्या उपग्रहाला हे वरदानच.

असा स्विच जितका छोटा करायला जावे तितकी कसरत वाढते. तो अँटेना आणि पहिला ॲम्प्लिफायर यांच्या मधोमध, सगळ्यात नाजूक जागी बसतो. त्याच्यात ०.१ डेसिबल, म्हणजे सुमारे २.३ टक्के लहर वाया गेली, तर तेवढ्या प्रमाणात तो स्वतःचा उबदार आवाज मिसळतो, म्हणजे जवळजवळ ७ केल्विन. अर्ध्या डेसिबलचा तोटा असेल तर ३० केल्विनच्या वर. म्हणून तोटा कमीत कमी हवा, आणि जो आहे तो मोजण्यासाठी स्विचचे तापमानही सतत टिपावे लागते. दुसरी बाजू गळतीची. एक वाट बंद असताना तिथून थोडी लहर झिरपली तर तागडीच्या दोन पारड्यांत दोरा अडकल्यासारखे होते. फेराइटचा तोटा कमी, पण चुंबक आणि धातूचे घर यांमुळे त्याला जागा लागते. पिन डायोड आणि गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवरचे ट्रान्झिस्टर-स्विच काही मिलिमीटरांत मावतात आणि झटपट पालटतात, पण तोटा जास्त करतात. सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म पट्ट्या हलवून संपर्क जोडणारे स्विच तोट्यात चांगले, मात्र त्या पट्ट्या चिकटून बसण्याची भीती. काही किलो वजनाच्या उपग्रहासाठी रिसीव्हर आखणाऱ्याला आज याच तीन-चार गैरसोयींतली एक निवडावी लागते.

डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले. त्याच्यावर १३.५ आणि १९ मिलिमीटरचे छोटे रेडिओमीटर होते. त्यांच्यात फिरती चकती नव्हती, इलेक्ट्रॉनिक स्विच होता. तो मुख्य अँटेना आणि थंड, मोकळ्या अवकाशाकडे तोंड असलेला दुसरा छोटा भोंगा यांत आळीपाळीने पालटत होता. शुक्राचे बिंब कडेपेक्षा मध्यभागी जास्त उजळ दिसले. म्हणजे उष्णता वरच्या थरातून नव्हे, खालच्या जमिनीवरून येत होती. ढगांखाली दलदलीची हिरवी रम्य दुनिया असेल, ही कथाकारांची कल्पना तिथे मावळली.

भारतात ही तागडी ७ जून १९७९ रोजी पोहोचली असे म्हणता येईल. त्या दिवशी सोव्हिएत संघातील कपुस्तिन यार येथून भास्कर-१ हा भारतीय उपग्रह सोडला गेला. त्याच्यावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तयार केलेला समीर हा डिकी पद्धतीचा रेडिओमीटर होता. तो १९ आणि २२ गिगाहर्ट्झवर समुद्राकडे पाही. २२ गिगाहर्ट्झ म्हणजे वाफेची तीच रेषा, जिने रडारवाल्यांना सतावले होते. आता तीच हवी होती. समुद्रावरच्या हवेत वाफ किती आणि ढगांत पाणी किती, हे तिच्यावरून काढता येत होते. मोसमी पाऊस जिथून येतो त्या अरबी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर तेव्हा मोजणीची ठाणी जवळपास नव्हतीच. नोव्हेंबर १९८१ च्या भास्कर-२ वर ३१ गिगाहर्ट्झची आणखी एक वाहिनी जोडली गेली.

या स्विचचा एक प्रवास माणसाच्या शरीराकडेही झाला. मरिनर-२ च्या रेडिओमीटरवर काम केलेल्या शास्त्रज्ञांत ॲलन बॅरेट होते. शुक्राच्या ढगांखालची उष्णता जर बाहेरून मोजता येते तर त्वचेखालची का नाही, अशा दिशेने ते गेले. शरीरही उबदार आहे, तेही लहरी सोडते, आणि ऊतींतल्या काही सेंटीमीटर खोलीवरूनही त्या बाहेर येतात. १९७५ मध्ये बॅरेट आणि फिलिप मायर्स यांनी त्वचेला टेकवायच्या अँटेनाने, शरीरात काहीही न सोडता, आतले तापमान मोजण्याची पद्धत मांडली. गाठीभोवतीचा भाग बऱ्याचदा थोडा जास्त उबदार असतो, म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत तिचा उपयोग होईल अशी आशा होती. किरणोत्सार नाही, टोचणे नाही. तरीही ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकलेली नाही. उष्ण असलेली प्रत्येक जागा गाठ नसते, आणि प्रत्येक गाठ उष्ण नसते. त्यामुळे अशा यंत्रावरच्या तपासणीवर विसंबून डॉक्टरांनी सांगितलेली मॅमोग्राफी टाळणे धोक्याचे.

डिकी यांच्या स्विचची सगळ्यात कठीण परीक्षा त्यांच्या हयातीत झाली. नोव्हेंबर १९८९ मध्ये कोबे हा उपग्रह निघाला. त्याच्यावरच्या एका उपकरणात भोंग्यांच्या जोड्या होत्या, आकाशात एकमेकांपासून ६० अंशांवर तोंड केलेल्या. फेराइटचा स्विच सेकंदाला १०० वेळा एकीवरून दुसरीवर जाई. इथे संदर्भाची चकतीच नव्हती. आकाशाचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याशी ताडला जात होता. फेराइट चुंबकीय असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकत्वही त्याला जाणवे आणि खोटा फरक दाखवी. तो वेगळा काढायला शास्त्रज्ञांना बरीच मेहनत पडली. एप्रिल १९९२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. त्या ३ केल्विनच्या एकसारख्या वाटणाऱ्या उत्सर्जनात लाखात एक इतका चढउतार होता. याच बारीक चढउतारांतून पुढे दीर्घिका घडल्या. कोबेच्या चमूत गयॉट हॉलच्या गच्चीवरचे विल्किन्सनही होते. या कामासाठी जॉन मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ चे नोबेल मिळाले.

डिकी यांना अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या आजाराने गाठले. ४ मार्च १९९७ रोजी प्रिन्स्टनमध्ये वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नी ॲनी यांच्याशी त्यांचे लग्न १९४२ मध्ये, रडारच्या धामधुमीत झाले होते. त्यांना तीन मुले होती. ज्या तरुणाला त्यांनी १९६४ मध्ये गणित करायला बसवले त्या जिम पीबल्स यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले.

जुलै २०१६ पासून जुनो हे यान गुरूभोवती फिरते आहे. त्याच्यावर मायक्रोवेव्हचे सहा रिसीव्हर आहेत आणि ढगांखाली अमोनिया आणि पाणी किती खोलवर आहे ते त्यांनी मोजायचे असते. प्रत्येकात डिकी-स्विच आहे. सहापैकी सगळ्यात आखूड लहर १.४ सेंटीमीटरच्या आसपासची, म्हणजे फ्लोरिडात ऐकलेल्या लहरींच्याच टापूतली.